संगीतातले यंत्र आणि यंत्रामागचा माणूस



संगीतावर बोलायला या व्यासपीठावर गवई यावा, निदान संगीतशास्त्राचा एखादा पंडित तरी यावा, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही त्यांपैकी कोणीच नव्हे. आमचा धंदा कामगार चळवळीचा; आणि शिक्षण म्हणाल, तर जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकींत. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. मांडव, दिवाबत्ती आणि ध्वनिक्षेपक यांवर राबणारी मुले गेली काही वर्षे आमच्या संघटनेत येऊ लागली, आणि त्यांच्या मागोमाग आईबापही येऊ लागले. त्या आईबापांचा प्रश्न एकच असतो. पोरगा म्हणतो, मला साउंडचा कोर्स करायचा आहे, फी लाखांत आहे, कर्ज काढावे लागेल, काढावे का?

प्रश्न पोटाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर मोघम देऊन चालणार नाही. आज आम्ही जे बोलणार आहोत ते या आईबापांना आणि त्यांच्या मुलामुलींना उद्देशून आहे. बाकीच्यांनी ते साक्षीदार म्हणून ऐकावे.

प्रथम हा धंदा कोणता ते नीट पाहू. संगीत आणि यंत्र जिथे भेटतात तिथे आज अनेक प्रकारची माणसे पोट भरतात. स्टुडिओत ध्वनिमुद्रण करणारा, मुद्रित झालेले आवाज एकत्र जुळवून मिक्सिंग करणारा, नाट्यगृहात किंवा मैदानावर ध्वनिक्षेपक सांभाळणारा, संगणकावर वाद्यमेळ रचणारा—ज्याला धंद्यात प्रोग्रॅमर म्हणतात—इलेक्ट्रॉनिक वाद्ये बनविणारा व दुरुस्त करणारा, आणि या सर्वांना लागणारे सॉफ्टवेअर लिहिणारा. जाहिराती मात्र या सर्वांना एकाच माळेत ओवतात आणि सांगतात, की अमुक सॉफ्टवेअर सहा महिन्यांत शिका, म्हणजे काम दारात उभे राहील.

आमचे म्हणणे याच्या उलट आहे. या धंद्यात सर्वांत लवकर शिळे होते ते यंत्राचे ज्ञान. टिकतो तो कान, टिकते ते आवाजाचे शास्त्र, आणि आपल्या श्रमाचा हिशेब लेखी ठेवण्याची अक्कल. हा तिसरा विषय फारसा कोठे शिकवीत नाहीत. पण तोही या धंद्याच्या कौशल्यांतच मोडतो, असे आमचे ठाम मत आहे.

यंत्र किती लवकर शिळे होते ते इतिहासातच पाहू. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणावर रेघ ओढायची. गवयाने कर्ण्यापासून किती अंतरावर उभे राहावे, तबला किती मागे ठेवावा, यातच ध्वनिमुद्रकाचे सारे कसब होते. १९२५ च्या सुमारास विजेवरचे मुद्रण आले आणि कर्णा माळ्यावर गेला. मग चुंबकीय फीत आली, फितीवर अनेक पट्टे आले, १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली, आणि आज फीतही गेली नि तबकडीही गेली. हौशी लोकांच्या कपाटात काय असेल ते असो. कर्ण्याची विद्या जाणणारा, फीत पात्याने कापून अचूक जोडणारा, हे आपापल्या काळचे पट्टीचे कारागीर होते. त्यांच्यापैकी जे फक्त कर्ण्याचे किंवा फक्त पात्याचे होते ते मागे पडले. आवाज कोठून येतो आणि कानाला तो कसा लागतो, हे ज्यांना कळत होते त्यांच्या हाती नवे यंत्र आले इतकेच.

हे कानाचे प्रकरण जरा खोलात पाहण्यासारखे आहे, आणि त्यासाठी परदेशी जायला नको, मिरजेला गेले तरी पुरे. मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्यांची जी घराणी आहेत त्यांचे पूर्वज मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, ती दुरुस्त करणारे. तलवारींचे दिवस संपले तसे हे हात एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या बदललेल्या हातांना मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड, तारा, हे सारे पैसे टाकून कोणालाही मिळेल. पण घोडीचा माथा कानसेने घासून आणि तारेखाली दोरा सरकवून जो जवारी काढतो, त्याच्यापाशी कानावाचून दुसरे मोजमाप नसते. घोडीच्या या रुंद, किंचित बाकदार माथ्यावर तार कशी घासते आणि तिच्यातून एवढे स्वर एकदम कसे उमटतात, याचे कोडे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना पडले आणि १९२१ च्या सुमारास त्यांनी त्यावर लिहिले. त्याआधी १९२० साली तबल्या-मृदंगाच्या शाईने चामड्याच्या कंपनांना सुरेलपणा कसा येतो, हेही त्यांनी दाखविले होते. कारागिराने कानाने जे साधले तेच शास्त्रज्ञाने गणिताने तपासले. संगीत-तंत्रात जाणाऱ्याला या दोन्ही वाटांची थोडीथोडी तरी ओळख हवी.

तंबोऱ्याच्या षड्जात लक्ष देऊन ऐकले तर एक गांधार आपोआप उमटतो, हे गाणाऱ्या मंडळींना ठाऊक आहे. पेटीच्या पट्टीवरचा गांधार त्याहून चढा असतो, सुमारे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याने. संगणक उघडला की तो मुकाट्याने पेटीचीच पट्टी समोर ठेवतो, कारण तो मूळ पाश्चात्त्य कीबोर्डाच्या हिशेबाने घडला. १९९७ साली ऑटो-ट्यून नावाचे साधन बाजारात आले. ते बनविणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधात होते. जमिनीत धक्के देऊन परत येणाऱ्या लहरींचे गणित करीत असत. तेच गणित त्यांनी गळ्याला लावले. आता समजा एका मुलाने ते साधन चालवायला शिकून घेतले, पण मींड म्हणजे काय, आंदोलित गांधार म्हणजे काय, हे त्याच्या कानाला माहीत नाही. तो बटण दाबील आणि गायिकेने वर्षानुवर्षे घोटलेली मींड जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुकड्यातुकड्यांची करून टाकील. पडद्यावर सर्व काही सुरेल दिसेल, आणि गाणे मात्र मेलेले असेल. म्हणून आमचे पहिले सांगणे असे: ज्याला या धंद्यात जायचे आहे त्याने कोर्सच्या आधी, निदान कोर्सबरोबर, एखादे वाद्य किंवा गळा कोणा गुरूपाशी दोन-तीन वर्षे घासावा. मैफली गाजवण्याची गरज नाही, कान तयार व्हावा एवढेच.

दुसरे सांगणे शास्त्राचे. आपल्या गावच्या मैदानावर मोठी सभा होते तेव्हा मागच्या लोकांना वक्त्याचे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येते, हा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. लोक म्हणतात, साउंडवाला बेकार आहे. मूळ कारण असे, की उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो, आणि विजेचा संदेश तारेतून तत्काळ पोहोचतो. व्यासपीठापासून सत्तर मीटरवर मागच्या लोकांसाठी कर्णा लावला, तर जवळच्या कर्ण्यातून शब्द लगेच येतो आणि व्यासपीठावरचा तोच शब्द सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने मागून येतो. जाणता माणूस मागच्या कर्ण्याला तेवढाच विलंब लावतो आणि दोन्ही शब्द एक होतात. हा भागाकार शाळेतल्या पोराला येतो. पण तो कोठे करायचा हे कळण्याला विद्या लागते. माईक कर्ण्याच्या तोंडासमोर आणला की शिट्टी का वाजते, माईकचे अंतर दुप्पट केले की आवाज एकदम एवढा का उतरतो, तीन पिनांच्या केबलमध्ये एकच आवाज दोन तारांतून उलटसुलट पाठविल्याने खरखर कशी कापली जाते, हे सारे याच जातीचे. कंपनी बदलली म्हणून यातले काही बदलत नाही.

याच शास्त्राचा एक भाग जिवाशी खेळणारा आहे. ध्वनिक्षेपकातून पन्नास आवर्तनांची घरघर येऊ लागली, की कित्येक जण अर्थिंगची तारच काढून टाकतात. घरघर थांबते आणि माईकचा लोखंडी दांडा जीवघेणा होऊन बसतो. पावसात भिजलेला मांडव, मध्यरात्री जनरेटर, झोपेने झिंगलेले पोर आणि उघडी तार, यांतून काय निष्पन्न होते ते आम्हाला वर्तमानपत्रात वाचावे लागत नाही. घरघर कोठून येते ते शोधावे, पण अर्थिंग काढू नये. आणि काढ म्हणून सांगणाऱ्या मालकाला नाही म्हणावे. हे नाही म्हणता येणे हेही एक कौशल्य आहे, आणि एकट्याला ते साधत नाही.

कानाचीही तीच गोष्ट. गिरणीच्या साचेखात्यात आयुष्य घालवलेली वडीलधारी माणसे घरात ओरडून का बोलत, हे जुन्या कामगारवस्तीत राहिलेल्यांना सांगायला नको. आज ठरलेले माप असे, की पंचाऐंशी डेसिबलच्या आवाजात आठ तास काम करावे, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी करावी. शंभर डेसिबलला तो हिशेब पंधरा मिनिटांवर येतो. मिरवणुकीतल्या भिंतींसमोर आमची मुले सहा-सहा तास उभी असतात. सुताराने रंधा दगडावर घासावा तसा हा प्रकार आहे. ज्या अवयवावर जन्माची भाकरी मिळवायची तोच पहिल्या पाच वर्षांत गमवायचा! कानात बुच घालणे हा भित्रेपणा नाही.

तिसरे सांगणे लिहिण्या-वाचण्याचे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांचे एवढे वर्चस्व का झाले? गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना व्हायोलिनबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. संगीत दिग्दर्शकाने गुणगुणलेली चाल सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक कागदावर मांडत, आणि वादकांचा मोठा ताफा तो कागद पाहून एकदिलाने वाजवी. चाल रचणारे अनेक होते. ती पन्नास माणसांना एकाच वेळी कळेल अशी लिहिणारे थोडे होते, म्हणून त्यांची गरज पडली. आज कागदाची जागा मिडी नावाच्या संकेतलिपीने घेतली आहे. १९८३ साली अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने, एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकेल अशी ही सामाईक भाषा ठरली. एकमेकांशी स्पर्धा करणारे मालकसुद्धा गरज पडली की संघटित होतात, हे कामगारांनी ध्यानात ठेवावे! या लिपीत स्वर किती जोराने वाजला ते शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंतच्या आकड्याने लिहितात. तबल्याचा प्रत्येक ठोका त्याच एका आकड्याने लिहिला तर ते पिठाच्या गिरणीसारखे वाजते. कोणता बोल दाबायचा, कोणता उचलायचा, सम किंचित कशी टेकवायची, हे ज्याला ठाऊक त्याचेच आकडे जिवंत होतात.

आता आपण त्या प्रश्नाशी येतो, जो विचारायला आईबाप कचरतात. उद्या यंत्रच सगळे करू लागले तर?

हा प्रश्न नवा नाही. १९२७ नंतर बोलपट आले तेव्हा मूकपटाच्या पडद्यासमोर बसून वाजविणारे हजारो वादक अमेरिकेत बेकार झाले. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, आणि येथेही पडद्यासमोरचे पेटी-तबले उठले. पुढे १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या महासंघाने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. आमच्या तबकड्या वाजवून आमचेच काम जाते, तर त्या तबकडीच्या विक्रीतून आमच्या बेकार भावांसाठी वाटा द्या, एवढी त्यांची मागणी होती. मोठ्या दोन कंपन्यांनी १९४४ च्या नोव्हेंबरात ती मान्य केली. याउलट १९८२ साली ब्रिटनच्या वादक संघटनेच्या लंडनमधील एका शाखेने सिंथेसायझरवर बंदी घाला असा ठराव केला. तो संघटनेनेही स्वीकारला नाही आणि काळानेही नाही. त्याच १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग नावाचे चित्रपटसृष्टीतले वादक तशाच यंत्रांवर दहा रागांची तबकडी काढीत होते. ती त्या वेळी खपली नाही. २०१० साली परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले.

या दोन लढ्यांतला फरक पाहावा. एकाने यंत्राच्या मिळकतीत वाटा मागितला, दुसऱ्याने यंत्रच नको म्हटले. आम्ही पहिल्याच्या बाजूचे आहोत. मुंबईत मोठ्या वाद्यवृंदाची कामे १९८० नंतरच्या दोन दशकांत आटत गेली. एका सिंथेसायझरने व्हायोलिनची रांग उठवली. त्यातले जे वादक कीबोर्ड आणि संयोजन शिकले ते तरले, पण सगळेच शिकू शकत नव्हते. त्यांना तारणारी तरतूद आधी लिहून घेतलेली नव्हती.

म्हणून चौथे सांगणे करारपत्राचे. गौहरजान आपल्या गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. तबकड्या जर्मनीत छापल्या जात, आणि तेथल्या लोकांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही युक्ती होती. पुढे १९४९ साली ‘महल’ चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्याची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून चित्रपटातल्या पात्राचे, कामिनीचे, नाव छापले होते. लताबाईंची ही गत, तर रात्रभर संगणकासमोर बसणाऱ्या आमच्या पोराला कोण विचारतो?

कायदा काय म्हणतो ते प्रत्येकाने पाठ करावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क आला, आणि तो हक्क निर्मात्याला लिहून दिला तरी जात नाही. गायक-वादकांनाही व्यापारी वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क आला. पण ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून कायदा ओळखतो तो त्याच्या निर्मात्याला. खटका दाबणाऱ्या, आवाज जुळविणाऱ्या ध्वनिमुद्रकाला नाही. त्याला मिळेल ते करारात लिहिलेले. आणि प्रोग्रॅमर? कित्येकदा चालीतला अर्धा भाग त्याच्या बोटांतून आलेला असतो. पण कागदावर तो ‘तांत्रिक साहाय्य’ असतो आणि हाती एकरकमी पाकीट. चाल रचली असेल तर संगीतरचनेत तसा हिस्सा लिहून घ्या, हे सांगायला त्याच्यापाशी शब्द हवेत, आणि शब्दांच्या पाठीशी माणसे हवीत. चित्रपट-कामगाराशी लेखी करार केलाच पाहिजे असा कायदा संसदेने १९८१ सालीच केला. तो विषय पुढे २०२० च्या कामगार संहितेत गेला. कायदा कागदावर असतो. तो कामाच्या जागी आणायचा तर पाच-दहा जणांनी एकत्र जाऊन मागावा लागतो.

आजचे यंत्र तर आवाजच उचलते. चार ओळी लिहिल्या की कृत्रिम बुद्धिमत्ता गाणे करून देते. अशा सेवांवर मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी अमेरिकेत जून २०२४ मध्ये दावे लावले, आणि पुढे त्यांतल्या काहींत तडजोडी झाल्या. तडजोड कंपनीची कंपनीशी झाली. ज्यांच्या वाजवण्यावर ते यंत्र शिकले त्या वादकांचा वाटा कोणता, हे विचारायला वादकांचीच संघटना हवी. अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांना जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई केली. त्याच वर्षी ए. आर. रहमान यांनी एका तमिळ चित्रपटात दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने पुन्हा उभे केले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. तेव्हा रीत सांगता येते: आधी परवानगी, मग मोबदला, आणि नावही. प्रसिद्ध गायकाला जे न्यायालयात मिळते ते गावच्या शाहिराला आणि स्टुडिओतल्या अनाम ढोलकीवाल्याला कोण मिळवून देणार, हा या पुढचा लढा आहे.

आता आईबापांच्या प्रश्नाचे उत्तर. कर्ज काढण्यापूर्वी मुलाला एक वर्ष कोणा चांगल्या ध्वनिक्षेपकवाल्याच्या हाताखाली केबल गुंडाळू द्या आणि त्याच वर्षी संध्याकाळी गाणे शिकू द्या. वर्षाअखेरीस त्याचा उत्साह टिकला तर पुढे जा. संस्था निवडताना तेथे कोणते सॉफ्टवेअर आहे हे शेवटी विचारा. आधी विचारा, की विद्यार्थ्याच्या हाताला खरे माईक आणि खरे वादक किती तास मिळतात, आणि पदार्थविज्ञान व कायदा कोण शिकवतो. सरकारी वाटही चाचपून पाहा. पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० साली निघालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचे शिक्षण मिळते. तेथे शिकलेले रेसुल पुकुट्टी २००९ साली ऑस्करच्या व्यासपीठावर उभे राहिले. प्रत्येक मूल तेथे पोहोचणार नाही, आणि पोहोचले नाही म्हणून काही बिघडतही नाही. गावोगावच्या नाट्यगृहांत, कीर्तनाच्या मांडवांत, या व्याख्यानमालेतसुद्धा जाणत्या कानाची गरज आहे. मुलींनाही या कामाला लावा. पेट्या उचलायला चार माणसे मिळतात. बारकाईने ऐकणारे एक माणूस मिळत नाही.

या घटकेला आमचा आवाज आपल्यापर्यंत स्वच्छ पोहोचत आहे, तो त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या तरुणामुळे. त्याच्याकडे आतापर्यंत कोणी वळून पाहिले नाही, याचाच अर्थ त्याचे काम चोख आहे. आभाराच्या वेळी त्याचे नाव घ्यावे, आणि ठरलेली मजुरी त्याला आज रात्रीच, मांडव उतरण्यापूर्वी द्यावी, अशी चालकांना विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.